मालकिणीसकट गाडी

इस्लापुरात माणसाची ख्याती कशावरून होईल ते सांगता येत नाही. कुणी भजनासाठी ओळखला जातो, कुणी भांडणासाठी, आणि एक जण तर नुसत्या शिंकेसाठी. जनावरांच्या दवाखान्यातली शिल्पा मॅडम ओळखली जायची ती गाडी न देण्यासाठी. "मॅडमची गाडी मागून मिळत न्हाई," लोक म्हणायचे, "मिळालीच तर मॅडमसकट मिळती." त्यात खोटं काही नव्हतं. ज्याला जायची घाई असेल त्याला शिल्पा स्वतः मागे बसवून सोडून यायची. बाळंतीण नेली, परीक्षेला उशीर झालेल्या पोरी नेल्या, एकदा तर एका म्हाताऱ्याला त्याच्या फुगलेल्या बोकडासकट नेलं. पण किल्ली मात्र तिच्या गळ्यात, मंगळसूत्राच्या शेजारी, काळ्या दोऱ्यात.

आता आपल्याकडे मोटरसायकल मागणं म्हणजे विरजण मागण्याइतकी साधी गोष्ट. "जरा किल्ली दे, फाट्यावर जाऊन येतो" असं म्हटल्यावर नाही म्हणणारा माणूस एकतर चिकट असतो नाहीतर गर्विष्ठ. शिल्पाला लोक दोन्ही समजत. ती ते मनाला लावून घेत नसे. गावाच्या तोंडाला झाकण नसतं, हे तिला लातुरातच कळलं होतं.

आणि गाडी होतीच तशी. जपानी, टू-स्ट्रोक, सव्वाशे सीसीची, अंगानं सडपातळ आणि टांगांनी उंच. चाकांना गोखरूसारखे गुट्टे, पुढचं मडगार्ड टायरपासून हातभर वर, सायलेन्सर बाजूनं वर चढवलेला. रस्ता नसेल तिथं जायलाच ती जन्माला आली होती. कालव्याच्या पाहणीसाठी कधीकाळी आलेली ही गाडी एका इंजिनिअरनं लिलावात घेतली, लातुरात वर्षानुवर्षं जपली, आणि गुडघे दुखायला लागल्यावर, तिच्यावर टांग टाकणं होईना तेव्हा, शिल्पाला विकली. शिल्पा माहेरची लातूरकडची. तिथून इस्लापूरपर्यंत ती एकटीनं ही गाडी चालवत आली आणि आल्याबरोबर दोन दिवस तिला बसता येत नव्हतं. पण त्यानंतर डोंगरावरचे तांडे, गोंडांचे गुडे, ओढ्यापलीकडच्या वाड्या, जिथं पूर्वी लसीचा डबा डोक्यावर घेऊन चालत जावं लागायचं, तिथं शिल्पा सकाळी जाऊन जेवायला घरी येऊ लागली. आधीची स्कूटी एका पावसाळ्यात ओढ्यात बसली होती ती उठलीच नाही. ही ओढ्यातून अशी निघायची की काठावरच्या म्हशीसुद्धा मान वळवून बघायच्या.

मात्र तिच्याबरोबर नांदायचं म्हणजे तिचं सोवळं-ओवळं सांभाळायचं. इतर गाड्यांना तेल वेगळं आणि पेट्रोल वेगळं असतं. हिला पेट्रोलमध्येच तेल मिसळून पाजावं लागतं, लिटरला तीस मिली. शिल्पा ते म्हशीला टोचायच्या मोठ्या सिरिंजनं मोजायची. सुई काढलेली असायची, हे सांगितलेलं बरं. गाडी थंड असली तर चोक ओढायचा आणि किक मारताना पायात जाड बूट हवा, कारण मनात आलं तर ती उलटी लाथ घालते. घाट उतरताना अ‍ॅक्सिलरेटरची मूठ सोडून नुसतं घरंगळायचं नाही, मधूनमधून थोडं पिळायचं. पेट्रोल बंद म्हणजे तेल बंद, आणि तेल बंद म्हणजे आतला पिस्टन कोरडा. प्लग काळा झाला की रुसते, म्हणून खिशात एक प्लग आणि एक पाना कायम. धूर निळा, वास उग्र. पावसाळ्यात डास वाढले की शेजारच्या बायका म्हणायच्या, "मॅडम, एक चक्कर आमच्या अंगणातनं मारा की." तिचा नवरा सुदर्शन झेडपीच्या शाळेत मास्तर होता. ही गाडी आल्यापासून आपल्या घरात धुपाचा खर्च वाचला, असं तो सांगत असे.

नांदेडचे करीमभाई हे या गाडीचे डॉक्टर. त्यांनी शिल्पाला पहिल्याच भेटीत बजावलं होतं, "मॅडम, ये गाडी नहीं, नातेवाईक है. रुसली तो मनाना पडता. बदलके नहीं मिलती."

नातेवाइकांचं म्हणाल तर शिल्पाचा एक नातेवाईक या गाडीपायीच रुसला होता, आणि त्याला मनवायची तऱ्हा करीमभाईंनाही ठाऊक नव्हती. तो म्हणजे तिचा सासरा.

किशनराव लोह्याजवळच्या गावी शेती करत. माणूस उभ्या अंगाचा, पांढऱ्या मिशांचा आणि एका बाबतीत पंचक्रोशीत नावाजलेला: त्यांनी नेलेली वस्तू कधी रिकामी परत येत नसे. वाटी आली तर तिच्यात चार मिरच्या, टोपली आली तर तिच्यात शेंगा. एकदा कुणाची तिफण नेली, तर ती नवा फण बसवून परत दिली. "शेजाऱ्याचं भांडं रिकामं धाडणारा माणूस," ते म्हणत, "त्याचं घर बी रिकामंच ऱ्हातंय."

दोन वर्षांपूर्वी पोळ्याला शिल्पा आणि सुदर्शन या गाडीवर गावी गेले होते. ओट्यावर भावकी बसलेली. किशनरावांनी गाडीभोवती एक फेरी मारली, टाकीवर थाप टाकली आणि म्हणाले, "सूनबाई, आण किल्ली. जरा गावातनं फिरवून आणतो."

शिल्पानं गळ्यातनं किल्ली काढून दिलीही. पण देता देता तिच्या तोंडून सवयीनं निघालं, "मामा, आधी ऐका." सासऱ्याला ती त्या भागातल्या रीतीनं मामाच म्हणायची. मग तिनं तेलापासून सुरुवात केली. चोक झाला, बूट झाला, प्लग झाला. भावकीतला एक जण फिसकन हसला. ती "आणि उतारावर मामा..." इथवर आली तेव्हा किशनरावांनी किल्ली ओट्यावर ठेवली होती.

"म्या बुलेट हाणली, राजदूत हाणली," ते शांतपणे म्हणाले. "हिरीवरचं इंजिन खोलून जोडलं. आता सून चारचौघांत मला गाडी शिकवून राहिली. ज्या घरात सासऱ्याच्या हातात सरळ किल्ली पडत न्हाई, त्या घरचं पाणी मला चालत न्हाई."

आणि मराठवाड्यातला म्हातारा एकदा पाण्यावर गेला की संपलं. तेव्हापासून किशनराव इस्लापूरला आले नाहीत. सासू केवळाबाई एकटी यायची, चार दिवस राहायची. सुदर्शननं फोन केला तर पलीकडून "बरं हाय" एवढंच ऐकू यायचं आणि फोन आईच्या हातात जायचा.

शिल्पाला याचं फार वाईट वाटायचं. दुसरा कुणी सासरा असता तर तिनं खुशाल रुसू दिला असता. पण लग्न झाल्यावर सगळी भावकी जेव्हा म्हणत होती की सुनेनं नोकरी सोडावी, डोंगरात गाईम्हशींच्या मागं कुठं फिरणार, तेव्हा हाच माणूस ओट्यावर उभा राहून गरजला होता, "गाय अडली म्हंजी डॉक्टर आला न्हाई म्हणून शिव्या देता, आन् घरात आलेली डॉक्टरीण चुलीपुढं बसवता व्हय?" ती खरं तर डॉक्टर नव्हती, पशुधन पर्यवेक्षक होती. पण किशनरावांनी डॉक्टरीण म्हटलं आणि विषय मिटला. असा माणूस आपल्या घरचं पाणी पीत नाही, हे तिला घासाघासाला आठवायचं.

यंदा केवळाबाईनं चाल केली. तिला माहूरला रेणुकामातेच्या दर्शनाला जायचं होतं, आणि नवऱ्याशिवाय जाणार नाही, आणि मधे इस्लापूरला मुक्काम केल्याशिवायही जाणार नाही, असं तिनं जाहीर केलं. देवीचं नाव आल्यावर किशनरावांचा इलाज चालेना. ते आले, पण हातात पाण्याचा पाच लिटरचा कॅन घेऊन. गावच्या पाण्याचा. ओट्यावर बसले, कॅन शेजारी ठेवला, घरून बांधून आणलेली भाकरी सोडली आणि सुनेच्या दारात बसून आपलीच भाकरी खाल्ली. सुदर्शन नेमका प्रशिक्षणाला लातूरला गेला होता. सुटला बिचारा.

शिल्पानं रात्रभर विचार करून ठरवलं होतं. किल्ली द्यायची आणि एक शब्द बोलायचा नाही. मागच्या वेळी तोंडानं घात केला. या वेळी तोंडाला कुलूप. सकाळीच तिनं टाकीत मापानं मिसळलेलं पेट्रोल ओतलं. सहस्रकुंडचा धबधबा बघून आरामात परत यावं एवढं. तेलाची बाटली आणि सिरिंज मागच्या पिशवीत सरकवली. आता न बोलण्याचीही एक मिजास असते. बोलणारा निदान चुकला तर कळतं. गप्प बसणारा आपण फार शहाणे आहोत अशा समजुतीत फिरतो. शिल्पा त्या सकाळी अशीच फिरत होती.

ती ओट्यावर आली, गळ्यातला दोरा काढला आणि किल्ली किशनरावांच्या हातावर ठेवली.

"मामा, सहस्रकुंड बघून या."

किशनराव वाट बघत राहिले. पुढे काहीतरी येणार, चोक येणार, प्लग येणार. काहीच आलं नाही. केवळाबाई दारात श्वास रोखून उभी. मग म्हाताऱ्यानं मिशीवरून हात फिरवला.

"पाणी आण आधी," ते म्हणाले.

शिल्पानं तांब्या आणला. ते गटागटा प्यायले, तांब्या रिकामा करून परत दिला आणि गाडीकडे निघाले. पहिल्या किकेला गाडीनं पायाला झटका दिला. दुसऱ्या किकेला ती सुरू झाली. निळ्या धुरात सासरा दिसेनासा झाला आणि शिल्पा आत जाऊन, रडावं की हसावं ते न कळून, धपाट्यांचं पीठ मळत बसली.

"जेवायच्या टायमाला येतेन बग," केवळाबाई म्हणाली. "भूक त्यांना थांबू देत न्हाई."

जेवायची वेळ झाली. धपाटे झाले, दही लागलं, शेंगदाण्याची चटणी कुटून झाली. किशनराव आले नाहीत. शिल्पानं फोन केला. वाजून वाजून बंद पडला. परत केला, तसंच. धबधब्यावर वेळ लागत असेल, असं दोघी एकमेकींना सांगत राहिल्या आणि दोघींनाही ते पटत नव्हतं.

मग यासेरचा फोन आला. यासेर म्हणजे इस्लापूर ते हिमायतनगर रिक्षा मारणारा. त्याच्या शेळ्या शिल्पाच्या दवाखान्यातल्या, त्यामुळे घरचाच.

"मॅडम, गाडी कुणाला दिली तुम्ही?" त्याचा आवाज असा की जणू सूर्य पश्चिमेला उगवला. "फाट्यावरच्या चहावाल्याकडं उभी हाय. एक आजोबा ढकलत आणली म्हणतात, लई घामाघूम. मी पोचलो तर आजोबा एश्टीत चढून राहिले होते. नांदेडच्या. हाक मारली तर बघितलं पण नाही."

"नांदेडच्या?"

"हाव ना. चहावाल्याकडं किल्ली ठेवली. म्हणाले, इस्लापूरच्या मॅडमला द्या, अन् सांगा माझ्याच्यानं तोंड दाखवणं होत न्हाई."

शिल्पानं फोन खाली ठेवला आणि सासूला जसंच्या तसं सांगितलं. केवळाबाईच्या डोळ्यांत जाळ पेटला. "म्हंजी मला इथं टाकून चालला ह्यो माणूस? बायको इसरून? दोन वरसानं पाणी पेला आन् ताट वाढायच्या आत पळाला?"

यासेर रिक्षा घेऊन येईपर्यंत शिल्पानं बूट चढवले होते आणि केवळाबाई रिक्षात आधी जाऊन बसली होती.

फाट्यावर गाडी चहाच्या टपरीला टेकून उभी होती. शिल्पानं टाकीचं झाकण उघडलं आणि तिला सगळं एका नजरेत कळलं. टाकी गळ्यापर्यंत भरलेली. तिच्या तेलाचा निळसर रंग त्यात जवळजवळ नव्हता.

चहावाल्यानं बाकीचं सांगितलं. आजोबा धबधब्यावरनं पुढे हिमायतनगरला गेले होते, तिथल्या एका जुन्या दोस्ताला गाडी दाखवायला. येताना पंपावर थांबून टाकी काठोकाठ भरली. मग मोकळा रस्ता लागला, आजोबांनी गाडी ताणली, आणि चालत्या गाडीचं मागचं चाक एकदम जागच्या जागी धरलं. पडले नाहीत हे नशीब.

म्हणजे झालं होतं ते असं. किशनरावांनी वस्तू रिकामी परत केली नव्हती. जन्मभर केली नाही, आताच कशी करतील? सुनेनं दोन वर्षांनी किल्ली दिली, तर टाकी भरूनच द्यायची. आणि सुनेनं, ज्या सुनेला हे सगळं पाठ होतं, तिनं मिजाशीत तेलाचा त सुद्धा काढला नव्हता. तळाच्या थोड्या मिसळीवर पाच लिटर कोरडं पेट्रोल. इंजिननं आणखी काय करावं?

"चूक माझी आहे," शिल्पा मोठ्यानं म्हणाली. टपरीवरचे दोघेतिघे दचकले. मॅडमच्या तोंडून हे वाक्य कुणी ऐकलेलं नव्हतं.

तिनं सिरिंज काढली, तेल मोजून टाकीत सोडलं, गाडी डावी-उजवीकडे हलवून ते मिसळलं, आतापर्यंतचं कोरडं पेट्रोल कार्ब्युरेटरमधून सांडून दिलं. इंजिनावर हात ठेवला. थंड झालं होतं. करीमभाई सांगायचे, धरलेल्या इंजिनाला लात नको, वेळ दो. नशीब असलं तर आपसे छूटतं. तिनं हातानं हळूच किक दाबली. आतून खर्र आवाज आला, पण ती खाली गेली. मग पायानं मारली. तिसऱ्या किकेला गाडी सुरू झाली, पण तिच्या आवाजात आता एक खरखर होती, घशात काटा अडकल्यासारखी.

शिल्पाला ती खरखर ओळखीची नव्हती, पण अर्थ माहीत होता. पिस्टनला ओरखडे गेले आहेत. आता ही गाडी पायी चालल्यासारखी घरी न्यायची, नांदेडला टेम्पोत घालून पाठवायची, करीमभाई उघडून बघेपर्यंत तिला जोर लावायचा नाही. लावला तर इंजिन कायमचं जाईल, आणि याचे सुटे भाग आता जपानातसुद्धा सहज मिळत नाहीत. मग परत लसीचा डबा डोक्यावर.

"एश्टी जाऊन किती वेळ झाला?"

"आर्धा तास झाला आसंल," चहावाला म्हणाला. "पन पुढं रस्त्याचं काम चालू हाय. भोकरपस्तोर रखडतच जाईल."

एष्टी नांदेडला पोचली की म्हातारा लोह्याला जाणार. मागच्या वेळी रागानं रुसला होता. राग कधी ना कधी उतरतो. आता शरमेनं चालला होता. शरमेनं गेलेला माणूस परत येत नाही, हे शिल्पाला पक्कं माहीत होतं, कारण तिच्या माहेरी असा एक काका होता. रिक्षानं एष्टी गाठणं शक्य नव्हतं. गाठली तर ही गाडीच गाठणार होती.

गेलं इंजिन तर गेलं, असं ती स्वतःशी म्हणाली, आणि म्हटल्यावर तिला हलकं वाटलं.

"आत्याबाई, तुम्ही यासेरबरोबर मागून या," ती सासूला म्हणाली.

"मी तुझ्यामागं बसणार," केवळाबाई म्हणाली. "माझा नवरा हाय त्यो. चारचौघांत त्याला काय बोलायचं ते मी बोलणार."

"ही उंच आहे."

"चुलत्याच्या घोडीवर बसल्येली हाये मी." असं म्हणून केवळाबाईनं नऊवारीचा काष्टा आवळला, टपरीच्या बाकड्यावर चढली आणि तिथून सरळ सीटवर. "हाण!"

आणि शिल्पानं हाणली.

रस्ता अर्धा सिमेंटचा, अर्धा उकरलेला, जसा तो गेली कित्येक वर्षं होता. मधे मधे मुरुमाचे ढीग, पाट्या, एका बाजूनं सोडलेली वाहनं. शिल्पानं रस्ता सोडला आणि कडेच्या कच्च्या पट्टीवर उतरली. तिथं या गाडीशी बरोबरी करील असं काही त्या तालुक्यात नव्हतं. गाडी खड्ड्यांवरून उड्या घेत होती, केवळाबाई प्रत्येक उडीला "अगं माय!" म्हणत होती आणि लगेच "आजून हाण!" म्हणत होती. खरखर वाढत होती. वास येत होता, नेहमीचा नाही, तापलेल्या लोखंडाचा. शिल्पाचा हात पिळलेलाच राहिला. डोंगरात पाच वर्षं जिनं तिला कधी दगा दिला नाही तिचा जीव ती आपल्या हातानं घेत होती आणि ते तिला समजत होतं.

ढिगाऱ्यांच्या रांगेपलीकडे एष्टीचं तांबडं बूड दिसलं.

शिल्पानं हॉर्न दाबला. या गाडीचा हॉर्न म्हणजे चिमणीचा चिवचिवाट. ड्रायव्हरला ऐकू जाणं शक्य नव्हतं. तिनं आणखी पिळलं. इंजिन एका उंच सुरात किंचाळायला लागलं, त्या सुराखाली ती खरखर, आणि दोन्ही मिळून तो आवाज एष्टीच्या शेपटापर्यंत पोचला.

पुढे जे झालं ते शिल्पाला अपेक्षित नव्हतं. एष्टीत घंटी एकदा वाजली, मग सारखी वाजत सुटली, शाळा सुटल्यासारखी. एष्टी धक्के खात थांबली. दार उघडलं. आतून कंडक्टर ओरडत होता, "अहो आजोबा, दोरी मी ओढतो, तुमी न्हाई! सोडा ती!" आणि पायऱ्यांवरून पटका सावरत किशनराव उतरले, आणि धावत, दोन्ही हात वर करून, गाडीच्या समोर आले.

"बंद कर! बंद कर आधी ती!"

शिल्पानं किल्ली फिरवली. एकदम शांतता झाली.

"आक्कल हाय का न्हाई तुला?" किशनरावांचा चेहरा लाल झाला होता. "तिकडं बसल्या बसल्या आवाज ऐकून माझं काळीज फाटलं! आत्ताच धरलेलं इंजिन, आन् तू त्याला आसं पळवून राहिली? जाळून घ्यायचंय का? धरलेलं इंजिन निवू द्यायचं आस्तंय, मग नव्या नवरीवानी चालवायचं आस्तंय. हिरीवरच्या इंजिनाचं असंच आस्तंय. कुणी शिकिवलं न्हाई तुला?"

शिल्पाच्या जिभेवर निदान पंधरा उत्तरं होती. तेलाचं होतं, ओरखड्यांचं होतं, लिटरला तीस मिलीचं होतं. तिनं सगळी गिळली.

"न्हाई मामा," ती म्हणाली. "सांगा."

केवळाबाई तोवर उतरली होती. तिनं नवऱ्याच्या समोर उभं राहून कमरेवर हात ठेवले. "ह्या इंजिनासाठी एश्टी थांबिवली. बायकोसाठी न्हाई थांबिवली."

कंडक्टर पायरीवर हसायला लागला. एष्टीच्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली. किशनराव कुणाकडे बघेनात. त्यांनी खाली बसून इंजिनाजवळ हात नेला, चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"म्या मारली तुझी गाडी," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "दोन वरसानं किल्ली दिली तू. एक शब्द बोलली न्हाई. आन् म्या एका दिसात मारली. कुठल्या तोंडानं यायचं मग?"

"तुम्ही मारली नाही. तुम्ही टाकी भरून परत देत होता," शिल्पा म्हणाली. "हिला पेट्रोलात तेल लागतं. ते मी बोलले नाही."

किशनरावांनी मान वर केली.

"बोलली आसतीस," ते म्हणाले, "तर म्या पुन्हा किल्ली ठिवली आसती."

त्यात वाद घालण्यासारखं काही नव्हतं. दोघांनाही ते खरं आहे हे ठाऊक होतं. एष्टी निघून गेली. यासेर रिक्षा घेऊन पोचला, केवळाबाई त्यात ऐसपैस बसली आणि आपण इथून पुढं घोड्यावर जाणार नाही असं तिनं सांगून टाकलं. रस्त्याकडेच्या लिंबाच्या सावलीत त्यांनी इंजिन निवू दिलं. मध्येच शिल्पानं उठून हात लावला तर किशनराव म्हणाले, "आजून न्हाई." ती परत बसली.

शेवटी ते उठले. पटका घट्ट केला, गाडीवर टांग टाकली आणि किक मारली. गाडी खरखरत सुरू झाली. शिल्पा सवयीनं हँडलकडे सरकली होती; त्यांनी मानेनंच मागची जागा दाखवली. आपल्या गाडीवर ती कधी कुणाच्या मागे बसली नव्हती. बसली. मागून गाडी फार उंच लागते आणि धरायला काही नसतं, हे तिला पहिल्यांदा कळलं.

किशनरावांनी गियर टाकला, पण गाडी सोडली नाही.

"सांग आता," ते पुढे बघत म्हणाले.

"काय मामा?"

"पोळ्याला सांगत व्हती ते. उतारावर म्हणून थांबली व्हती बग."

मग इंजिनाच्या वर आवाज चढवून तिनं सुरुवात केली: उतारावर मामा, हात सोडायचा नाही, मधूनमधून थोडं पिळायचं, कारण पेट्रोल बंद म्हणजे तेल बंद. म्हाताऱ्यानं मान हलवली आणि गाडी सोडली. घर येईपर्यंत ती सांगत होती, आणि किशनराव एकदाही मध्ये बोलले नाहीत. फक्त प्रत्येक उतार लागला की मूठ थोडी पिळत होते.